रत्नक्काचा डावा हात

रत्नक्काला देवाने हात दोन दिले, पण वापरायला तिच्याकडे एकच आहे. डावा अव्वांनी धरलेला असतो.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई आणि रत्नक्का त्यांची थोरली लेक, माझी नणंद. खालच्या मजल्यावर मी आणि हे, वरच्या मजल्यावर त्या दोघी. अव्वांना आता माणसं ओळखू येत नाहीत, जेवण झालेलं आठवत नाही, पण मनगट कसं धरायचं ते पक्कं आठवतं. अंगठा आतून, चार बोटं बाहेरून. सोडवायला गेलं की ओरडतात, "बिडब्याड! बिडब्याड!" सोडू नको, सोडू नको. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, कानडी मुलखातलं. मराठी विसरत चालल्यात तशी कानडी वर येतेय. मी माझा हात पुढे केला तर दोनदा दाबून बघतात आणि बाजारात जून भेंडी टाकावी तसा टाकून देतात. त्यांना रत्नक्काचाच हात पाहिजे.

याला कारण आहे. आमच्या सोलापुरात संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते आणि यात्रेत नंदीध्वज निघतात. आम्ही साधं काठ्या म्हणतो. तीन मजली घराएवढा उंच वेळू, नखशिखांत सजवलेला, आणि तो पेलतो एकच माणूस. कमरेला जाड पट्टा, पट्ट्याला पुढे खोळ, खोळीत काठीचा बुंधा आणि दोन्ही हातांनी तोल. माझे सासरे, अप्पा, असे काठी पेलायचे. रत्नक्का लहान असताना, लाल फ्रॉक घालायची तेव्हा, अव्वा तिला घेऊन गर्दीत उभ्या होत्या. अप्पांची काठी समोर आली. सगळ्यांनी हात जोडले, अव्वांनीही जोडले. आता दोन्ही हात जोडायचे तर पोरीचा हात सोडावाच लागतो. डोळे उघडले तर पोर नाही. दिवेलागणीला ती गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या बाजारात, पाळण्यापाशी एका चुरमुरेवाल्याजवळ बसलेली सापडली, मजेत चुरमुरे खात. अव्वा दर संक्रांतीला तिळगूळ देता देता हे सांगायच्या. बाकीचं सगळं आयुष्य पुसून गेलं, एवढं राहिलं. म्हणजे घरात खुर्चीवर बसलेल्या अव्वा खरं तर त्या गर्दीत उभ्या आहेत, आणि रत्नक्काला तिथून हलता येत नाही.

रोज सकाळी पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून मी वर जाते. आधी रत्नक्काची वेणी घालते. साडी तिने कधीच सोडली, एका हाताने निऱ्या होत नाहीत. आंघोळीला गेली की दार थोडं उघडं ठेवते आणि डावा हात फटीतून बाहेर. बाहेर स्टुलावर अव्वा हात धरून बसलेल्या. मला पहिल्यांदा ते बघून रडू आलं होतं. रत्नक्का आतून म्हणाली, "ईरम्मा, रडायचं तर रड, पण आधी साबण दे. तो बाहेरच्या हाताच्या बाजूला राहिलाय."

तशी ती लहानपणापासून तोंडाने फटकळ. नव्या पेठेतल्या एका फोटो स्टुडिओत ती डार्करूममध्ये कामाला होती. दार बंद, लाल दिवा, औषधांचा वास. गावातल्या लोकांचं काश्मीर, उटी, कन्याकुमारी सगळं तिच्या हाताने धुऊन वाळत पडलं. ती स्वतः पुण्याच्या पुढे गेलेली नाही. एक स्थळ ठरत आलं होतं, पण त्याच वर्षी अप्पा काठी पेलताना कमरेतून कायमचे अधू झाले आणि घर चालवणारी हीच उरली. "बंद खोलीत बसायची मला सवय आहे की," म्हणायची. "फक्त तिथं बसायचा पगार मिळायचा."

स्टुडिओच्या मालकाच्या मुलाने हरणं-लांडग्यांचे फोटो काढायला एक मोठी लेन्स घेतली होती. चार-दोनदा माळावर जाऊन आला, ऊन लागलं, हौस फिटली. पुढे स्टुडिओ बंद करताना मालकाने विचारलं, "रत्नाबाई, तुम्हाला काय देऊ?" तर हिने कॅमेऱ्यासकट ती लेन्स मागितली. हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, कॅमेरा जोडला की तीन किलोच्या आसपास. घरी आणली तेव्हा यांनी विचारलं, "अक्का, ही तोफ कशाला?" ती म्हणाली, "मला जाता येत नाही ना, मग लांबचं जवळ आणणारं काहीतरी पाहिजे."

तेव्हा अव्वा नुसत्या विसराळू होत्या. हात धरायला त्या नंतर लागल्या.

वरच्या मजल्याला मागच्या बाजूला गॅलरी आहे. अव्वा वाकून पडतील म्हणून यांनी तिला वरपासून खालपर्यंत लोखंडी ग्रील बसवून घेतलं. रत्नक्काने भांडून त्यात लेन्सपुरती एक चौकट मोकळी ठेवून घेतली. त्या चौकटीतून आमच्या मागच्या बंद गिरणीची चिमणी दिसते. गिरणी बंद पडून जमाना झाला, आवारात बाभळी वाढल्या, चिमणी तेवढी उभी आहे. आणि त्या चिमणीवर दर थंडीत एक ससाणा येऊन बसतो. चिमणीला मध्यावर लोखंडी पट्टी आहे, तिच्यावर. पारवा मारतो, पिसं उडवतो, खातो आणि मग सगळ्या सोलापूरचा मालक असल्यासारखा बघत राहतो.

मागच्या डिसेंबरात रत्नक्काने कसाबसा त्याचा एक फोटो काढला. त्यात पायात काहीतरी काळं दिसलं. तिने तो कीर्ती मॅडमना पाठवला. कीर्ती मॅडम कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवतात, शेजारच्या नगरात राहतात. रविवारी सकाळी विहारातली वंदना झाली की पांढऱ्या साडीतच आमच्याकडे चहाला येतात. फोटो बघून त्या धावतच आल्या.

"रत्नाताई, ह्याच्या पायात कडं आहे! काळं कडं, त्यावर पांढरी अक्षरं. कुणीतरी ह्याला पकडून कडं घालून सोडलंय. दोन अक्षरं वाचता आली की हा कुठला ते कळेल."

"कुठला म्हणजे?"

"कुठून येतो ते. ह्यातले बरेच लई लांबून येतात. उन्हं तापली की परत जातात. मार्च उजाडला की ह्याचा भरवसा नाही."

 मी रत्नक्काला ओळखते. त्या दिवशी भाकरी खाताना तिची नजर चौकटीतून हलली नाही. ज्याला रोज बघतो तो कुठून येतो, एवढं तिला कळायला पाहिजे होतं. दुसरं काही तिने कधी मागितलेलं मला आठवत नाही.

पण कड्यावरची अक्षरं वाचायची तर फोटो स्वच्छ पाहिजे, आणि तीन किलोचं धूड एका हाताने कसं धरणार? मी जुन्या साडीची उशी शिवून तिच्यात ज्वारी भरून दिली. ती ग्रीलवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवायची. समोरचं बघायला छान, पण चिमणी उंच. लेन्सचं तोंड वर केलं की उशी घसरायची. त्यात रस्त्याने ट्रक गेला की सगळं ग्रील थरथरायचं. तीन पायांचा स्टँड आणून बघितला. त्याचे पाय पसरायचे तर अव्वांची खुर्ची बाहेर काढावी लागते, आणि खुर्ची बाहेर म्हणजे रत्नक्काही बाहेर. कोंबून बसवला तर अव्वांचा पाय अडकला आणि लेन्स, अव्वा, खुर्ची सगळंच जाता जाता राहिलं.

"मोनोपॉड घ्या," कीर्ती मॅडम म्हणाल्या. "एकच पाय असतो. जागा लागत नाही."

हे जवळच होते. हे टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, प्रत्येक गोष्टीत बोलायचा हक्क असल्यासारखं बोलतात. "एका पायावर उभं राहायला अक्का काय बगळा आहे?"

"तू दोन पायांवर उभा राहून काय दिवे लावलेस रे राजशेखर?" रत्नक्का म्हणाली. "मॅडम, सांगा तुम्ही."

मग पंधरवडाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. कीर्ती मॅडम ओळखीच्या पक्षीवाल्यांकडून एकेक दांडा, एकेक हेड मागून आणायच्या आणि रत्नक्का नवा कुकर घ्यावा तसं सगळं उघडून, मिटवून, ठोकून बघायची. लोक वजन बघतात, रंग बघतात. ही एकच बघायची. एका हाताने होतं का?

पहिला दांडा आला तो पिळायचा. टप्पा मोकळा करायला पिळला की अख्खा दांडाच गरगर फिरायचा. दुसऱ्या हाताने धरायला पाहिजे, आणि दुसरा हात अव्वांकडे. रत्नक्काने तो गुडघ्यात दाबून पिळून बघितला, तर अव्वा खुदकन हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या. "खटक्याचा पाहिजे," रत्नक्का म्हणाली. "अंगठ्याने उघडला, अंगठ्याने बंद."

दुसरा पाच टप्प्यांचा. मिटला की एवढुसा. पण शेवटचा टप्पा उदबत्तीसारखा बारीक, वर लेन्स ठेवली की लवायचा. मॅडम म्हणाल्या, "पिशवीत मावतो म्हणून प्रवासाला हाच घेतात सगळे."

"मला कुठं न्यायचाय तो?" रत्नक्का म्हणाली. अगदी सहज म्हणाली. मॅडमनी तो दांडा परत पिशवीत घातला. तीन टप्प्यांचा, जाड, लेन्सच्या दुप्पट वजन पेलेल असा घ्यायचा हे ठरलं.

मग हेड. दांडा आणि लेन्स यांच्या मधला सांधा म्हणजे हेड. मला वाटलं होतं त्यात काय बघायचं. पण खरी खोच तिथंच निघाली. पहिलं आणलं ते बॉलहेड, आत गोळा असतो, कुठंही वळतं. रत्नक्काने त्याची चावी सैल केली मात्र, लग्नात डुलकी लागलेल्या म्हाताऱ्यासारखी लेन्सने मान टाकली आणि खाडकन ग्रीलवर आपटली. चावी फिरवायला एक हात, लेन्स धरायला दुसरा. इथंही तेच.

दुसरं होतं गिंबल. ते बघून मात्र मी हरखले. अगदी पाळणा. लेन्स त्यात निजवली की जिकडे वळवू तिकडे वळते आणि सोडून दिली तर तिथंच थांबते. करंगळीने हलते. रत्नक्काच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. पण ते जडशीळ, एका अंगाला बाहेर आलेलं, ग्रीलच्या चौकटीत घुसेचना. आणि एकच पाय असलेल्या दांड्यावर एवढा बोजा वर. अव्वांनी हात जरा ओढला की सगळा डोलारा कलायचा.

"टिल्ट हेड बघू या," मॅडम म्हणाल्या. "फक्त वर-खाली होतं. डावं-उजवं करायला दांडाच फिरवायचा. एका पायाचा तोच तर फायदा. आणि लेन्सच्या बुडाची पट्टी लांब घ्या, म्हणजे पुढं-मागं सरकवून तोल जमवता येतो."

"तोल जमला पाहिजे हे खरं," रत्नक्का म्हणाली. "अप्पा म्हणायचे, काठी धरायची नसते, तिचा तोल सापडला की ती आपली आपण उभी राहते."

टिल्ट हेडला एक चावी. ती अशी अर्धी आवळली की लेन्स ठेवली तिथं राहते आणि बोटाने दाबली की हलते. रत्नक्काने लेन्स वर केली, हात काढून घेतला. लेन्स हलली नाही. तिने पुन्हा खाली केली, हात काढला. हलली नाही. असं ती किती वेळ करत होती. हेच मागवलं.

पार्सल आलं तेव्हा हे घरी होते. यांनीच खोकं फोडलं, दांड्याचे तिन्ही टप्पे खटाखट उघडले, वर हेड बसवलं. मग यांना काय सुचलं कुणास ठाऊक, दांड्याचं टोक कमरेला लावलं, छाती पुढे काढली, दोन्ही हातांनी तोल धरला आणि अप्पांसारखी संथ पावलं टाकत हॉलमध्ये निघाले. "बोला हर्र!"

"अहो, देवाची चेष्टा करू नका," मी म्हणतच होते.

तेवढ्यात अव्वा खुर्चीतून उठल्या. त्यांची बोटं एकेक करून उघडली. त्यांनी रत्नक्काचं मनगट सोडलं आणि दोन्ही हात छातीशी जोडले.

"काठी आली गं," त्या म्हणाल्या. "कै मुगी, रत्ना, कै मुगी." हात जोड, हात जोड. आणि डोळे मिटून घेतले.

 हे दांडा खाली ठेवेनात. रत्नक्का आपल्या डाव्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तशी बघत होती. मनगटावर बोटांचे पांढरे पट्टे उठले होते. मला वाटलं आता ही कॅमेऱ्याकडे धावेल. ती आरशासमोर गेली. सकाळी मी घातलेली वेणी तिने सोडली, केस विंचरले आणि दोन्ही हातांनी, सावकाश, आपली आपण वेणी घातली.

यांचे हात भरून आले आणि यांनी दांडा खाली टेकवला. अव्वांनी डोळे उघडले, हात खाली घेतले, शेजारी चाचपलं. शेजारी कुणी नव्हतं.

"रत्ना? माझी पोरगी कुटं हाय?"

रत्नक्का धावत आली. "अव्वा, मी इथंच आहे की."

अव्वांनी त्या पांढऱ्या केसांच्या बाईकडे बघितलं. "तू कोण गं? बाजूला हो. माझी पोर दिसत न्हाय. लाल फ्राक हाय तिचा."

पुढचा सगळा वेळ मी लिहीत नाही. अव्वांनी कॉटखाली शोधलं, कपाटात शोधलं, ग्रील धरून गदागदा हलवलं, गिरणीकडे तोंड करून हाका मारल्या. खालून लोक वर बघायला लागले. रत्नक्का हात पुढे करत होती आणि अव्वा तो झटकत होत्या. मी विभूती लावली, पाणी पाजलं, सिद्धरामाला साकडं घातलं. दिवेलागणीला, यात्रेत पोर सापडली होती अगदी त्याच वेळेला, अंधारात त्यांच्या हाताला मनगट लागलं आणि त्या शांत झाल्या.

"राजशेखर," रत्नक्का म्हणाली, "परत हा खेळ केलास तर वरचा जिना चढू नकोस."

हे न जेवता झोपले.

दांडा कोपऱ्यात भिंतीला टेकून राहिला. अव्वांनी त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. भिंतीला टेकलेला दांडा म्हणजे दांडाच. काठी ती, जी माणसाने कमरेवर पेललेली असते.

रत्नक्का त्यावर लेन्स चढवून एका हाताने फोटो काढायला लागली. आधीपेक्षा पुष्कळ चांगले यायचे. पण दांडा जमिनीवर कितीही पक्का असो, अव्वा दर थोड्या वेळाने हात ओढायच्या, पोर आहे ना बघायला. त्या हिसक्याने अख्खी रत्नक्का हलायची. मॅडम फोटो मोठा करून डोळे बारीक करायच्या. "पहिलं अक्षर एक्स. नक्की एक्स. दुसरं तीन आहे की आठ? तीन असेल तर एक पक्षी, आठ असेल तर दुसराच. अंदाजाने कळवता येत नाही हो."

शिवरात्र झाली. गॅलरीच्या फरशीला दुपारी पाय ठेवता येईना. ससाणा एखाद्या दिवशी यायचाच नाही, आणि त्या दिवशी रत्नक्का अंधार पडेपर्यंत लेन्स उतरवायची नाही.

एका सकाळी मी वेणी घालत होते. ती म्हणाली, "ईरम्मा, अप्पांचा पट्टा देतेस?"

अप्पांचा पट्टा माझ्या देवघरात असतो, पांढऱ्या कापडात गुंडाळलेला. संक्रांतीला बाहेर काढते, पूजा करते, परत ठेवते.

"कशाला?"

"काठी एकीकडे आणि रत्ना दुसरीकडे झाली की अव्वा घाबरते. दोन्ही एकाच जागी असल्या तर?" ती हळू आवाजात बोलत होती, अव्वांना ऐकू जाऊ नये तशी. "जास्त वेळ नाही. तिने हात खाली घ्यायच्या आत मी माझा हात देणार. एकदाच. नाही जमलं तर सोडलं."

"अक्का, पेलणाऱ्याचा पट्टा तो. बाईमाणसाच्या कमरेला, आणि तेही एका पाखरासाठी?"

"मग नको देऊस," ती म्हणाली. रागावली नाही. नाही ऐकून घ्यायची तिला सवय होती, आणि तेच मला सहन झालं नाही.

मी खाली आले. दिवा लावला, बेल वाहिला, हात जोडून बसले. देवाने मला काही सांगितलं असं मी म्हणणार नाही. पट्टा उलगडला तर आतलं कातडं अप्पांच्या घामाने काळं पडलेलं होतं. पेलून पेलून पडलं होतं. मी तो कपाळाला लावला आणि वर घेऊन गेले.

पट्टा तिला मोठा झाला. मी दुमडून ओढणीने आवळून बांधला. दांड्याचे सगळे टप्पे मिटवले, टोक खोळीत बसवलं, वर हेड, वर लेन्स. डोळ्यापाशी बरोबर आली. चावी अर्धी आवळली, पट्टी मागे-पुढे सरकवून तोल जमवला. ससाणा चिमणीच्या पट्टीवर बसला होता, पोटाची पिसं साफ करत. एक पाय पिसांत, दुसरा पंज्यापर्यंत झाकलेला.

"तू चिमणीकडे बघू नको," रत्नक्का मला म्हणाली. "अव्वाच्या हातांकडे बघ. खाली यायला लागले की सांग."

ती चौकटीसमोर उभी राहिली. अव्वा शेजारी खुर्चीत, मनगट घट्ट. काहीच झालं नाही. मग अव्वांची नजर पट्ट्यावर गेली. त्यांनी मोकळ्या हाताने कातडं चाचपलं, बोटं नाकाशी नेली. वर बघितलं, दांड्यावर तोललेल्या त्या काळ्या ओझ्याकडे. बोटं उघडली.

"कै मुगी," त्या पुटपुटल्या आणि हात जोडून डोळे मिटले.

रत्नक्काचा डावा हात लेन्सखाली गेला. कॅमेरा टकटक वाजू लागला. मी अव्वांच्या हातांकडे बघत होते. सुरकुतलेले, एकमेकांना टेकलेले, कापणारे. रत्नक्का मनाशी बोलत होती, "पाय काढ की रे. पाय काढ. एकदाच." ससाणा पिसं साफ करतच होता. अव्वांचे जोडलेले हात हनुवटीवरून छातीवर आले. छातीवरून पोटाकडे.

"अक्का," मी म्हणाले.

ती क्षणभर हलली नाही. मला वाटलं, देत नाही आता ही हात. आणि खरं सांगते, मला वाटलं, नको देऊस.

तिने लेन्सखालचा हात काढला आणि न बघता खाली, अव्वांच्या उघडणाऱ्या ओंजळीत ठेवला. अंगठा आतून, चार बोटं बाहेरून.

"हायेस व्हय," अव्वा म्हणाल्या. "मला वाटलं हरवलीस." आणि कधी नव्हे ते त्यांनी हात ओढला नाही. पोर शेजारीच होती, बघायची गरज नव्हती. नुसता धरून बसल्या.

लेन्स जिथं सोडली होती तिथंच होती. केसभर खाली आली नव्हती. तिकडे ससाण्याने एक पंख उघडला, त्याच्याबरोबर पाय लांब ताणला, आळस द्यावा तसा. रत्नक्काने उजव्या हाताचं बोट दाबलं.

आठ होता. दोन गोल, एकावर एक, माझ्यासारखीलाही दिसले.

मॅडमनी कुठं कुठं कळवलं. उत्तर यायला वेळ लागला. तोवर चिमणीवरची पट्टी रिकामी झाली होती आणि गॅलरीत दुपारी बसवत नव्हतं. मॅडम मोबाइल घेऊन आल्या. "रत्नाताई, रशियाच्या पार उत्तरेला, बर्फाच्या समुद्राकाठी एक डोंगरकडा आहे. त्यावरच्या घरट्यात पिल्लू असताना ह्याला कडं घातलं. तिथून येतो हा. दरवर्षी."

"आणि इतक्या लांबून येऊन आमच्या गिरणीवर बसतो?" रत्नक्का म्हणाली. तिने नकाशा दाखवायला लावला. बोटाने वरून खाली आली, सोलापूरपर्यंत, आणि परत वर गेली. दोन-तीनदा.

अव्वा ऐकत होत्या. "कोण गेलं?"

"एक पाखरू, अव्वा. आपल्या घरी गेलं."

"एकलंच?"

"एकटंच."

अव्वा विचारात पडल्या. "मग त्येचा हात कुणी धरला?"

"कुणी नाही धरला. कडं घातलं आणि सोडून दिलं."

अव्वांना ते पटलं नाही. त्यांनी रत्नक्काच्या मनगटावरची पकड जरा वर घेतली, नीट केली. "बिडब्याड," त्या म्हणाल्या.

"नाही सोडत," रत्नक्का म्हणाली, आणि केस सुटले होते म्हणून माझ्याकडे पाठ करून बसली. मी फणी घेतली.